खंडेनवमीला बसवलेला शाफ्ट

आमच्या घरात त्या वर्षी दोन पक्ष पडले होते. एक म्हणायचा, आप्पांचे हात गेले. दुसरा म्हणायचा, गाडीचा शाफ्ट गेला. पहिल्या पक्षात माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. दुसऱ्यात स्वतः आप्पा, आमचे वडील, आणि त्यांच्या बाजूने भांडायला मी. आई कुठल्याच पक्षात नव्हती. ती दोन्हीकडच्यांना चहा द्यायची आणि माझा आवाज चढला की म्हणायची, "हळू बोल, शेजारचे टीव्ही बंद करून ऐकतात."

मी भांडकुदळ आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. द्वारका चौकाजवळ माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथे कुणालाही विचारा. गिऱ्हाईक चुकीचा पार्ट मागायला लागलं की मी त्याला तो देत नाही, आधी ऐकवते. हा गुण आप्पांचा. फरक एवढाच की आप्पा एकदा बोलून गप्प बसतात आणि मी बोलतच राहते.

गाडी म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, कापडी टप, लांबलचक नाक, आणि पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. देवळालीच्या एका बंगल्यामागे ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. आप्पा तेव्हा एकलहऱ्याला वीज केंद्रात फिटर होते. त्यांनी ती भंगार म्हणून उचलली आणि जेलरोडच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकली. पुढची कित्येक वर्षं शिफ्ट संपली की आप्पा गाडीखाली आणि मी त्यांच्या शेजारी बॅटरी धरून. दादाला त्या तेल-ग्रीसच्या वासाने मळमळायचं. गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर शेडबाहेर आली तेव्हा आईने तिला ओवाळलं होतं आणि आप्पा तोंड फिरवून उभे राहिले होते, कारण त्यांना रडू आलेलं.

तर, भांडण कशावरून. द्वारकेच्या सिग्नलला आप्पा चालवत होते, दादा शेजारी होता. गाडी अचानक डावीकडे गेली आणि एका रिक्षाला घासता घासता राहिली. रिक्षावाल्याने आप्पांच्या वयाचा भर चौकात उद्धार केला. दादा घरी आला तो पांढराफटक पडूनच.

"आप्पा, बास झालं आता," तो म्हणाला. "पंचाहत्तरी उलटली. हात थरथरतात तुमचे. गंगापूर रोडला एक जण घ्यायला तयार आहे, जिवापाड जपेल गाडीला."

"हात बरे हायेत माझे," आप्पा म्हणाले. "स्टेअरिंगचा शाफ्ट गेलाय."

"तुमचं नेहमी काहीतरी दुसरंच गेलेलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाशी असं बोलतात? मी दादाला शेडमध्ये नेलं, स्टेअरिंग धरायला लावलं, म्हटलं, हलव. त्याने डावी-उजवीकडे बऱ्यापैकी फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. स्टेअरिंगपासून खाली चाकांच्या यंत्रणेपर्यंत जो दांडा जातो तो हा शाफ्ट. त्याच्या मधला सांधा झिजून खुळखुळा झाला होता. "बघ," मी म्हटलं, "आता सांग कुणाचे हात थरथरतात."

पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. सकाळी आप्पा बशीत चहा ओतायचे तेव्हा थोडा बाहेर सांडायचा. मी बघितलं होतं. आई लगेच फडकं फिरवायची, तेही बघितलं होतं. शाफ्ट गेला होता हे नक्की, पण हात गेले नव्हते असं त्यावरून ठरत नव्हतं. नवा शाफ्ट बसवून गाडी तशीच भरकटली तर मग बोलायला जागाच उरणार नव्हती, आणि ही भीती मी दादापासून लपवत होते.

शेवटी दादानेच अट घातली. शाफ्ट बदला. दसऱ्याला सकाळी एकलहऱ्याच्या रस्त्याने आप्पांनी गाडी चालवायची, तो त्याच्या गाडीतून मागे येणार. गाडी आपल्या पट्ट्यात सरळ राहिली तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही राहिली तर गाडी गंगापूर रोडला जाणार.

"कबूल," आप्पा म्हणाले, आणि उठून आत गेले. मला वाटलं होतं ते दादाला झापतील. नाही झापलं. तेव्हाच मला कळलं की त्यांनाही धाकधूक आहे.

तो शाफ्ट मिळवताना माझ्या तोंडाला फेस आला. इथे मिळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईचे लोक म्हणाले जुना वेल्डिंग करून देतो. स्टेअरिंगच्या शाफ्टला वेल्डिंग! त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. अखेर परदेशातून मागवला, आणि पार्सल इतकं रेंगाळलं की हातात आलं तेव्हा दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्याकडे ती फार कडक. सगळी हत्यारं धुऊन-पुसून संध्याकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी पूजा सुटेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबवता, एक रात्र त्यांना निजू द्या, असं आप्पा म्हणायचे. घरातला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा सुटायचा नाही. गाडीच्या डिकीतली हत्यारांची पिशवीही पाटावर.

म्हणजे आमच्याकडे सकाळ आणि दुपार एवढाच वेळ होता.

जुना शाफ्ट निघता निघेना. गंजाने धरून ठेवलेला. तेल सोडा, थांबा, ठोका, पुन्हा तेल. आप्पा डॅशबोर्डखाली डोकं खाली, पाय वर करून, आणि मी बॉनेटमधून खालच्या टोकाला. निघाला तेव्हा आम्ही दोघंही घामाने निथळत होतो. सांधा बघितला तर आतून पार खल्लास. "बघ, बघ," आप्पा तो हातात घेऊन लहान मुलासारखे खुळखुळवत राहिले. "हे हात हायेत व्हय माझे?"

नवा घातला. दोन्ही टोकांना दाते असतात, ते दात्यांत बसवायचे, वर क्लॅम्प, आणि क्लॅम्पला बोल्ट. वरचा, खालचा. बसवून बघितलं तर चाकं सरळ आणि स्टेअरिंग वाकडं. एक दाता चुकला होता. पुन्हा काढणं आलं.

"आप्पा, राहू द्या वाकडं, चालतंय," मी म्हटलं. उगीचच म्हटलं.

"तुझ्या दुकानात चालत असंल."

तेवढ्यात आईची पहिली हाक आली, हत्यारं कधी देताय. माझ्या दुकानातली पूजाही खोळंबली होती, पोरं फोनवर फोन करत होती. "तू जा," आप्पा गाडीखालून म्हणाले, "बसवायचा तेवढा तर राहिलाय, मी बघतो." मी हात धुतले आणि निघाले. आई दारात ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा सांगत होता की आता ती कुणाचं ऐकणार नाही.

दसऱ्याला सकाळी मी पोहोचले तर दादा आधीच हजर. "चला, चला, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत." आप्पा नवा सदरा घालून उभे. शेडमधून गाडी बाहेर काढली, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आईने ओवाळलं, नारळ फोडला. आप्पांचं लक्ष सगळा वेळ दादाकडे आणि दादाचं आप्पांच्या हातांकडे. मला दोघांचाही राग येत होता. सणाच्या दिवशी कोर्टात आल्यासारखं वाटत होतं.

आप्पांनी स्टेअरिंग धरलं. स्टेअरिंग सरळ होतं. मी शेजारी बसले.

एकलहऱ्याचा रस्ता लागला तेव्हा माझी नजर रस्त्यावर कमी आणि डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर जास्त. आरशात दादाची गाडी चिकटून. समोर वीज केंद्राची धुराडी दिसायला लागली. पट्टा आमच्यापासून जेवढ्या अंतरावर होता तेवढ्याच अंतरावर राहिला. एक बस अंगावर आल्यासारखी गेली, तिच्या वाऱ्याने टप फडफडला, गाडी तसूभर हलली नाही. मी चोरून त्यांच्या हातांकडे बघितलं. हात शांत होते. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीबाहेर तोंड काढून दादाला ठेंगा दाखवला. वय काय माझं, पण दाखवला.

वीज केंद्राच्या गेटच्या अलीकडे दादाने हॉर्न दिला. दोन्ही गाड्या बाजूला थांबल्या. तो उतरला, आप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मान्य, आप्पा. मी चुकलो." मनापासून म्हणाला, एवढं त्याचं कौतुक मी करते. त्याला सासरी जायचं होतं, तो तिथूनच वळला.

"पुढे जाऊन येऊ?" आप्पांनी विचारलं.

"विचारताय काय!"

पुढे रस्ता मळ्यांमधून जातो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मांडव. आप्पांनी गाडी सुसाट सोडली. इंजिनाचा आवाज बदलला आणि त्यांचा चेहराही. एका स्पीडब्रेकरला पायाकडून टक् असा आवाज आला. मला वाटलं, नवा पार्ट आहे, बसतोय जागेवर. आप्पा दादाची नक्कल करत होते, "मान्य, आप्पा, मान्य," आणि मी हसत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. वाऱ्यात काही ऐकू येईना म्हणून मी खाली वाकून कान दाबून धरला.

"अगं, पूजा सुटली, नैवेद्य झाला," आई म्हणाली. "पाने, पक्कड उचलू का आता पाटावरून? तुझ्या आप्पांना सकाळीच लागणार होते."

"कशाला लागणार होते?"

"मला काय कळतंय त्यातलं. काल मी हत्यारं न्यायला आले तर कुरकुर केली. म्हणाले, खालचा बोल्ट नुसता हाताने फिरवलाय, उद्या पूजा सुटली की आवळतो. आवळला ना?"

फोन तसाच मांडीवर ठेवला. मोठ्याने बोलले असते तर ते दचकले असते, म्हणून जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "आप्पा, शाफ्टचा खालचा बोल्ट आवळलात ना सकाळी?"

ते हसत होते. हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा माणूस निघून गेला. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

समोर रस्ता उजवीकडे वळत होता, आणि त्या वळणावरून वीज केंद्राची राख वाहणारा एक डंपर येत होता.

"थांबवा! आप्पा, ब्रेक!"

"गप." एवढंच. त्यांनी ब्रेकला हात, म्हणजे पाय लावला नाही; जोरात ब्रेक मारला असता तर चाकं कुठेही ओढली गेली असती. ॲक्सिलरेटर सोडला, गिअर खाली घेतला, पुन्हा खाली. स्टेअरिंग त्यांनी फक्त धरलं होतं, हलवलं नाही. जोवर काही वळवायला लागत नाही तोवर गाडी सरळ जाईल, पण सरळ रस्ता संपत आला होता. मी दरवाजाची कडी घट्ट धरली आणि देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही. डंपर मोठा होत गेला. त्याचा हॉर्न, त्याच्या चाकांची धूळ, सगळं अंगावरून गेलं. मग डावी चाकं मुरमात उतरल्याचा आवाज आला, गाडी रेंगाळली, आणि वळणाच्या तोंडाशी, उसाला नाक लावून थांबली.

आम्ही दोघं तसेच बसलो. फोनमधून आई "हॅलो, हॅलो" करत होती. मी म्हटलं, "पाने राहू दे, आई, नंतर बोलते."

बॉनेट उघडलं. हार बाजूला सारून मी आत वाकले. खालच्या बोल्टचं नट अगदी शेवटच्या आट्यावर लटकत होतं. बोल्ट अर्धा बाहेर सरकला होता आणि क्लॅम्प दात्यांवरून वर चढला होता. आणखी एक स्पीडब्रेकर पुरला असता. मी आप्पांकडे बघितलं तर त्यांनी आधीच बघून घेतलं होतं, आणि ते उसाकडे तोंड करून उभे होते.

आता आवळायचं तर हत्यार कुठाय? सगळी घरी, पाटावर. मी रस्त्यात उभी राहून हात केला. झेंडूने मढलेला दुसरा एक डंपर थांबला. ड्रायव्हरने पेटी उघडून पाना काढून दिला, त्याच्यावरही हळदकुंकू. "घ्या ताई, आमची पूजा पहाटेच झाली," तो म्हणाला. "काय झालं, गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार.

पाना मी वापरणार होते. आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला. क्लॅम्प खाली बसवला, बोल्ट आत ढकलला, नट बोटांनी धरून आट्याला लावलं. पहिल्याच फटक्यात लागलं. अडचणीच्या जागेत, न बघता. मग पाना लावून आवळला, दोनदा तपासला. हात जराही हलला नाही. ड्रायव्हरला पाना देऊन त्याला "लय उपकार झाले" म्हणाले आणि डंपर गेला.

"चला," मी म्हटलं. माझं तोंड नेहमीसारखं सुरू झालं होतं. "झालं ते झालं. कुणाकडून होत नाही असं? दादाला कळायचं काही कारण नाही. आईलाही मी सांगते, आवळला होता म्हणून. बसा."

"तू शेजारी बसली होतीस," आप्पा म्हणाले.

"मला काय झालंय? धडधाकट उभी आहे."

"शेजारी तू बसली होतीस."

मी बॉनेट लावून घेतलं.

"हात बरे हायेत, ते आज कळलं," ते म्हणाले. "लय बरं वाटलं मला. खरंच लय बरं वाटलं. काल निजेपर्यंत आठवत होतं गं, सकाळी आवळायचाय म्हणून. सकाळी त्याच्यावरच हार घातला, तरी नाय आठवलं. बोल्ट ढिला ठेवून मी कधी सायकलसुद्धा सोडली नाय कुणाची." मग त्यांनी कपाळाला बोट लावलं. "शाफ्ट गेला, तू पार साता समुद्रापलीकडून आणलास. हे गेलं तर त्याचा पार्ट कुठून आणशील?"

"एका विसरण्याने काही जात नाही!" मी ओरडले. "मला येत नाही का विसरायला? आज जिंकलो आपण, आप्पा. दादाने पाय धरले तुमचे. आणि तुम्ही..." मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. महिनोन् महिने मी त्यांच्यासाठी भांडले, घरात वाईट झाले, आणि ते जिंकलेलं असं रस्त्याच्या कडेला ठेवून देत होते. आणि ते बरोबर बोलत होते, त्याचा जास्त राग आला.

त्यांनी माझा फोन मागितला आणि स्वतः दादाला लावला. "अरे, ऐक. खालचा बोल्ट मी आवळायचा इसरलो होतो... हा... नाय, नाय, काही झालं नाय, ती बरी हाय... गाडी विकायची नाय. ही चालवंल. मी नाय चालवणार." पलीकडे दादा बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. तो रडत असावा, कारण आप्पा म्हणाले, "येडा का काय तू, सणासुदीला."

मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. ही गाडी त्यांनी नटबोल्टपासून उभी केली, पण त्या बाजूला ते कधी बसले नव्हते. मी उजवीकडे बसले, सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला लावला. आप्पा बेल्ट शोधत होते. त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्यामागे जात होता आणि तिथे काहीच लागत नव्हतं. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. मी त्यांच्या अंगावरून वाकले, डाव्या बाजूने पट्टा ओढला आणि त्यांना लावून दिला.